चवीची साक्ष

‘रस’ ही संज्ञा आपल्या साहित्यशास्त्राने स्वयंपाकघरातून घेतली, हे वर्गात आपण नेहमीच सांगतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने दाखला दिला आहे तो नाना व्यंजनांनी युक्त अन्न प्रसन्न मनाने चाखणाऱ्या माणसाचाच. पण चाखणाऱ्याची जीभच बदलली तर? आईची केमोथेरपी सुरू होईपर्यंत हा प्रश्न आम्हां भावंडांना कधी पडला नव्हता.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. जिभेवरील रुचिकलिकांतल्या पेशी साधारणतः दहा-पंधरा दिवसांत बदलत असल्याने त्याही या तडाख्यात सापडतात. आईच्या तोंडाची चव गेली नव्हती, ती परकी झाली होती. षड्रसांत धातूच्या चवीला जागा नाही. मराठीत मात्र कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातल्या आंबट पदार्थासाठी एक क्रियापद आहे. आईने तेच वापरले : “सगळंच कळकलंय.”

धाकट्याच्या आग्रहाने, आणि कर्करोगतज्ज्ञांनी रक्ताचे अहवाल पाहून संमती दिल्यावर, अॅक्युपंक्चर सुरू झाले. एक सुई मनगटाच्या घडीपासून दोन-तीन बोटे वर, हाताच्या आतल्या बाजूस, ‘नेइग्वान’ बिंदूवर असे. केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीवर अॅक्युपंक्चर गुणकारी असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने १९९७ साली मान्य केले होते. बदललेल्या चवीबाबतचा पुरावा मात्र अजूनही तोकडाच आहे.

चौथ्या बैठकीनंतर आई जेवता जेवता म्हणाली, “आमटीत मीठ कमी आहे.” धाकट्याने श्रेय सुयांना दिले, थोरलीने दोन डोसांमधल्या दिवसांना. वाद मिटला नाही, आणि एका रुग्णावरून तो मिटणारही नाही. त्यासाठी खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना व्हावी लागते. आणि तिथेही निवाडा अखेर रुग्णाच्या सांगण्यावरच येतो. रक्तातल्या पेशी मोजता येतात. चव विचारावी लागते. त्या बैठकींत सुया टोचण्याआधी दर वेळी आईला विचारले जाई, आज काय कसे लागले? तिलाही मग शब्द शोधावे लागत.

त्या दिवशी आम्ही सर्वांनीच आमटी पुन्हा चाखून पाहिली. ती खरोखरच अळणी होती. भट्टनायकाचे ‘साधारणीकरण’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. एकाचा अनुभव सर्वांचा होणे म्हणजे काय, हे मात्र आईने मिठाचे भांडे पुढे ओढले तेव्हा कळले.