जुन्या मोटारीचा योगक्षेम

न मिळालेलें मिळविणें हा योग व मिळालेलें राखणें हें क्षेम, असा योगक्षेम या शब्दाचा अर्थ आम्ही मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों. नवी मोटार दारीं येते तेव्हां योगाचा सोहळा घरोघर थाटानें होतो. पेढे वांटतात, चाकांखालीं लिंबें ठेवितात. क्षेमाची आठवण मात्र सहसा होत नाहीं.

कायद्याची दृष्टीहि कांहींशी अशीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर गाडी तपासून ती पांच पांच वर्षांनीं वाढवितात. भाड्याच्या गाडीला पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं व पुढें दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरच्या गाडीला मधल्या काळांत धुराचा दाखला तेवढा पुरतो; पण धूर मोजणाऱ्या यंत्राला ब्रेक कळत नाहीं. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचें शुल्क सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें, तेव्हां जी चर्चा झाली ती शुल्काची. तपासणींत काय पाहतात, हें विचारणारा विरळा.

आम्ही नेवासे तालुक्यांतील सोनईस राहतों. येथें ब्रेकची परीक्षा रोजच होते. गळिताच्या हंगामांत मुळा कारखान्याकडे उंसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर अंधारांत चाललेले असतात. शिर्डीहून राहुरीमार्गें शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची शनिवारीं रीघ लागते. शिंगणापुरांत घरांना कडीकुलूप न लावण्याची परंपरा आहे. तें श्रद्धेचें काम. ब्रेक मात्र श्रद्धेवर सोडतां येत नाहींत.

आमच्या एकत्र कुटुंबाची मोटार सोळा वर्षांची आहे. गेल्या वर्षीं तिची रीतसर तपासणी होऊन पांच वर्षांचा दाखला मिळाला. पुढें अकरा महिन्यांनीं, घरांतील मंडळी राहुरीस लग्नाला निघणार त्याच्या आदल्या दिवशीं, पुतण्यानें मिस्त्रीकडून चाकें उघडविलीं. मागील चाकांतून ब्रेकचें तेल झिरपत होतें. दाखला खोटा नव्हता; तो दिल्या दिवसापुरता खरा होता. रबर कांहीं दाखल्याची मुदत पाळून झिजत नाहीं. त्या गाडींत दोन सुना व चार मुलें बसणार होतीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

विलायतेंत १९६० सालीं दहा वर्षांवरील मोटारींची तपासणी सक्तीची झाली. तींत इतक्या गाड्या नापास झाल्या कीं पुढल्याच वर्षीं ही मर्यादा सात वर्षांवर, व १९६७ मध्यें तीन वर्षांवर आणावी लागली. तेथें आतां तीन वर्षांपुढील गाडी दरसाल तपासतात. जपानांत तिसऱ्या वर्षीं व मग दर दोन वर्षांनीं. आम्हां शिक्षकांना यांत नवल वाटत नाहीं. ज्याची परीक्षा पंधरा वर्षांत एकदां, तो अभ्यास कधीं करणार?

तपासणी म्हणजे खर्च व खेटे, ही तक्रार खोटी नाहीं. तरीहि आपल्याकडे जुन्या खासगी गाड्यांना दरसालची तपासणी असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तोंवर घरानेंच आपला नियम करावा. खंडेनवमीला गाडीस झेंडूची माळ घालण्यापूर्वीं आठ दिवस आधीं ब्रेक, टायर, स्टिअरिंग व दिवे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे आणि तारीख वहींत लिहावी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होऊं लागला, तर मोह सोडून ती मोडींत काढावी. आमच्या घरीं अशी वही सुरू झाली असून, तींत त्या वर्षाची नोंद नसेल तोंवर मुलांना गाडींत बसवूं नये, असें सर्वांनुमतें ठरलें आहे.