तळखडा

आमच्या बाल्कनीत एक काळा दगड आहे. गावचा वाडा पाडला तेव्हा काकांनी एका लाकडी खांबाखालचा तळखडा माझ्यासाठी ठेवून घेतला होता. त्यावर आता तुळशीची कुंडी असते. पाहुणे 'छान दिसतो' म्हणतात, मीही हसून मान डोलावते. ग्वामला जाऊन येईपर्यंत त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ग्वाम हे पॅसिफिकमधलं बेट, मरियाना द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं. आज ते अमेरिकेच्या ताब्यात आहे, पण तिथले मूळ रहिवासी चामोरो. कामासाठी गेले होते, एक दुपार मोकळी मिळाली म्हणून राजधानी हागात्न्यातल्या बागेत शिरले. तिथे दोन रांगांत आठ दगडी खांब उभे होते. खालचा उभा दगड म्हणजे हालिगी. त्याच्यावर तासा, अर्ध्या कापलेल्या नारळासारखा, गोल बाजू खाली आणि सपाट बाजू वर. दोन्ही मिळून लात्ते. साधारण इ. स. ९०० ते १७०० या काळात चामोरो लोक अशा खांबांवर लाकडाची, झावळ्यांनी शाकारलेली घरं बांधत. घरातली माणसं गेली की त्यांना तिथेच, खांबांच्या आसपास पुरत. वर नांदतं घर, खाली पूर्वज.

सतराव्या शतकात स्पॅनिश आले. लढाया झाल्या, साथी आल्या, उरलेल्यांना चर्चभोवतीच्या गावांत आणून बसवलं. घरं कुजून गेली, खांब रानात राहिले.

बागेतले आठ खांब मुळात इथले नव्हेतच. ते बेटाच्या दक्षिणेकडच्या मेपो इथले. १९५५ साली ते उचलून इथे आणले. मेपो आता अमेरिकी नौदलाच्या हद्दीत येतं. बागेला एंजल सांतोस यांचं नाव आहे. वडिलोपार्जित जमिनी परत मिळाव्यात म्हणून लढलेला हा नेता त्यापायी तुरुंगातही गेला होता.

मी खांबांना हात लावणार, तेवढ्यात बाकावरच्या एका आजींनी हाक मारली. म्हणाल्या, "आधी विचार त्यांना." रानात शिरतानाही पूर्वजांची परवानगी मागायची तिथे रीत आहे. मी मनातल्या मनात मराठीतच विचारलं. मग आजींना विचारलं, "पण पूर्वज तर मेपोलाच राहिले ना?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. "म्हणून तर खांब उभे ठेवायचे," त्या म्हणाल्या. "पडले, तर कुठून आणले हे कोण विचारणार?"

लात्तेचा आकार मला नंतर बेटावर जागोजागी दिसला. सरकारी इमारतींपाशी, दुकानांच्या पाट्यांवर, पोरांच्या टी-शर्टवर. आधी ती मला नुसती सजावट वाटली असती. आता प्रत्येक ठिकाणी आजींचा प्रश्न ऐकू यायचा.

घरी आल्यावर काकांना फोन केला. "काका, आपला तळखडा कुठल्या खांबाखालचा?"

इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं.

"ओसरीवरचा गं. दाराच्या डाव्या हाताचा. आई दुपारी त्याच खांबाला टेकून तांदूळ निवडायची."

वाड्याच्या जागी आता दुमजली इमारत आहे आणि ओसरी होती तिथे गाड्या लागतात. कुंडी मी अजून हलवलेली नाही. पण आता कुणी 'छान दिसतो' म्हणालं, की नुसती मान डोलावत नाही. तो कुठून आणला, ते सांगते.