लेकीच्या परसातली रुई

अमेरिकेस जाऊन आलेला माणूस सहसा नायगाऱ्याविषयी लिहितो. आम्ही नायगारा पाहिला नाही. २०२४ चा ऑगस्ट महिना आम्ही उभयतांनी आयोवा संस्थानातल्या एका लहानशा गावी, लेकीच्या घरी काढला. चहूकडे मका आणि सोयाबीन. मोटार तासभर धावली तरी दुसरे काही दिसायचे नाही.

निवृत्त माणसाला स्वस्थ बसवत नाही. तिसऱ्याच दिवशी, लेक-जावई कामावर गेल्यावर, मी परसदारी कुंपणाशी माजलेले कमरेएवढे तण उपटायला घेतले. दहा-पंधरा रोपे उपटली आणि बोटे पांढऱ्या चिकाने बरबटली. जाड पाने, फुगीर बोंडे... अहो, ही तर आपल्या रुईची बहीण! “डोळ्याला हात लावशील हो!” असे आजी ओरडायची, तेही आठवले. पण रोपे कचऱ्याच्या ढिगावर गेली होती.

संध्याकाळी लेक आली. परसाकडे पाहून ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते! बॅटरी घेऊन ती ढिगाशी बसली आणि एकेक पान उलटून पाहू लागली. मीही मुकाट्याने शेजारी बसलो. रात्री नऊपर्यंत सात सुरवंट सापडले. काळे-पांढरे-पिवळे पट्टे ल्यालेले. उरलेल्या पाच रोपांवर तिने ते सोडले.

मग हळूहळू सांगू लागली. “बाबा, हे मोनार्क फुलपाखराचे सुरवंट. मिल्कवीडखेरीज दुसरं काही खात नाहीत.” चिकातले विष त्यांच्या अंगात भिनते, म्हणून पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. आपल्या रुईवरही मोनार्कचाच एक भाऊबंद वाढतो म्हणे. पूर्वी ही झाडे मक्याच्या ओळींतूनही उगवत. दुसऱ्या महायुद्धात शाळकरी पोरांनी त्यांच्या बोंडांतल्या म्हाताऱ्या पोती भरभरून गोळा केल्या होत्या. नाविकांच्या तरंगत्या जाकिटांत भरायला! १९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारे सोयाबीन आले, मागून मकाही आला. फवारणीत पीक तगले, मिल्कवीड गेले.

ऑगस्टअखेरीस जन्मणारी फुलपाखरे इथून सुमारे अडीच हजार किलोमीटरांवर, मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतात. १९९६-९७ साली त्यांनी तिथले अठरा हेक्टर रान व्यापले होते. २०२३-२४ मध्ये एक हेक्टरही भरले नाही. आणि जाणाऱ्यांपैकी एकानेही ती वाट पाहिलेली नसते. पाहिलेली असते ती पणज्याने.

सातांपैकी तिघांनी कोश केले. हिरवेगार, वर सोन्याचे ठिपके. आमच्या निघण्याच्या दोन दिवस आधी पहिला फुटला. नारिंगी पंख वाळवीत ते तासभर लोंबकळत राहिले.

“एवढ्या लांब जायचंय त्याला,” सौ. म्हणाली, “हातावर दही तरी घालायला हवं होतं.”

त्या रात्रीनंतर लेक प्रथमच मोकळी हसली.

पुण्यास परतल्यावर शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ घ्यायला गेलो. मी एकेक पान उलटून पाहतोय, हे बघून फुलवाली फणकारली, “कीड नाय हो त्यात, आजोबा!”