मुलांच्या हाती देण्याजोगे नाही

हा शेरा माझ्या पुस्तकावर आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी, लाल शाईत, आणि खाली परीक्षकांची सही. सही अशी गिचमिड की नाव कळूच नये. पुस्तक मी मुलांसाठी काढलंच नव्हतं. ते सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका वॉचमनचं आहे. त्याची जमीन एमआयडीसीत गेली आणि आता तो रात्रपाळीला ज्या गेटवर उभा राहतो ते गेट त्याच्याच बांधावर आलंय. त्याची विहीर होती तिथं कंपनीचा वजनकाटा आहे. एकोणिसाव्या पानावर सुपरवायझरच्या तोंडी एक शिवी आहे. एकच. आमच्या तालुक्यात एवढीला शिवी म्हणत नाहीत, पण ते असो.

सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं. बारामतीकडचं सुपे वेगळं, लोक कायम घोळ घालतात. डोंगरावर पवनचक्क्या, खाली कंपन्या, त्यात जपानी कंपन्यांचा वेगळा झोन, आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. मी एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसा दुसऱ्यांची ड्रॉइंग वाचायची, रात्री आपली काढायची, असं बरीच वर्षं चाललंय. आवड कुठून लागली म्हणाल तर स्टँडवरच्या टपरीतून. तिथं कॉमिक्स भाड्यानं मिळायची, बहुतेक हिंदी, नागराज आणि चाचा चौधरी. मराठी इंद्रजाल बंद पडली होती, पण वेताळाचे जुने, कोपरे गेलेले अंक अजून फिरत होते. नागराज काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ते कुठल्यातरी दिल्लीवाल्याचं काम समजत होतो.

पुस्तकातली अक्षरं माझी नाहीत, तात्यांची आहेत. तात्या आमच्याकडचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. फ्लेक्स आला आणि ब्रश घरी बसला. मी त्यांना फुग्यातला मजकूर लिहायला बसवलं तेव्हा त्यांनी आधी माझं कच्चं पान बघितलं आणि म्हणाले, "आरं, तू फुगा आधी काढलास? आधी अक्षर, मग फुगा." बरोबरच होतं. मराठी ओळीला वर वेलांटी-मात्रा लागते, खाली उकार लागतो, दोन ओळींच्या मधे हवा लागते. जुन्या भाषांतरित कॉमिक्समध्ये मराठी इतकी कोंबलेली का दिसायची, तर फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाचा असायचा म्हणून. तात्या कट निबनं आधी सगळ्या अक्षरांचे देह लिहून घेत आणि मग श्वास धरून शिरोरेघ एका दमात ओढत. वॉचमन बोलतो तिथं रेघ किंचित खाली झुकलेली, सुपरवायझर बोलतो तिथं जाड. हे मी सांगितलं नव्हतं. नगरच्या प्रेसमधल्या डीटीपीवाल्या पोरानं ती सगळी अक्षरं पुसून कॉम्प्युटरचा फाँट टाकला होता, "दादा, क्लीन दिसतंय आता" म्हणून. प्रूफ बघितलं म्हणून वाचलो. दोन फर्मे, बत्तीस पानं, डेमी, मॅपलिथो कागद, मधे दोन पिना. दिवाळीचा बोनस त्यात गेला. पुस्तकाचं नाव इथं सांगत नाही, जाहिरात वाटेल.

आता मुद्द्याचं. एका मोठ्या शहरातली एक साहित्यसंस्था दरवर्षी पुस्तकांना पुरस्कार देते. अर्जात वाङ्मयप्रकाराचा रकाना होता: कादंबरी, कथा, कविता, ललित, चरित्र, बालसाहित्य, अनुवाद, संकीर्ण. एकावर खूण करायची. मी कशावरच केली नाही, शेजारच्या कोऱ्या जागेत 'चित्रकादंबरी' असं लिहिलं. दोन प्रती, प्रवेशशुल्काचा डीडी, सगळं रजिस्टर पोस्टानं. काही दिवसांनी पत्र आलं की आपले पुस्तक 'बालसाहित्य' विभागात दाखल करून घेतले आहे. मी फोन लावला.

"चित्रं आहेत ना?" तिकडचे गृहस्थ म्हणाले.

"आहेत."

"मग बालसाहित्य."

"पण साहेब, ते मोठ्यांसाठी आहे."

"मोठ्यांसाठी असतं तर चित्रं कशाला घातली असती?"

हे त्यांनी चेष्टेनं विचारलेलं नव्हतं. माणूस सज्जन होता, आवाजात आर्जव होतं, मला समजावून सांगत होते. म्हणूनच जास्त लागलं. भांडखोर असते तर मीही भांडलो असतो आणि विषय संपला असता.

निकाल आला तेव्हा त्यासोबत पुस्तकाची एक प्रत परत आली, शेऱ्यासकट. म्हणजे बघा, मोठ्यांचं पुस्तक यांनीच मुलांत ढकललं आणि मग मुलांना चालत नाही म्हणून यांनीच बाहेर काढलं. मी पुन्हा फोन केला. म्हटलं, मग कादंबरीत घ्या. म्हणाले, कादंबरीला किमान शंभर पानं लागतात. कथेत घ्या. कथेत संग्रह लागतो, ही एकच कथा आहे. मग संकीर्णमध्ये घ्या, संकीर्ण म्हणजे उरलेलंच ना? यावर ते जरा थांबले. संकीर्णमध्ये पाककृती येतात, प्रवासवर्णनं येतात, पक्ष्यांची माहिती येते, म्हणाले, पण तिथं शब्दसंख्येची अट आहे. तुमचे शब्द किती? मी मोजले नव्हते. म्हटलं, असतील सातशे-आठशे. "मग नाही बसत." मी विचारलं, आणि चित्रांचे किती शब्द धरता? शांतता. मग म्हणाले, "तसा नियम नाही आपल्याकडे." शुल्क परत मिळेल का, हेही विचारून घेतलं. नाही मिळणार, कारण परीक्षकांनी पुस्तक वाचलेलं आहे.

वाचलेलं आहे! हेच तर मला म्हणायचं होतं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकोणिसाव्या पानावरची शिवीही त्यांच्या नजरेतून सुटली नाही, आणि तरी ते वाचन कुठल्याच रकान्यात धरलं गेलं नाही. हा राग माझा आजही गेलेला नाही. पुरस्कार नको होता असं म्हणणार नाही, हवा होता. पण हरायचं तर कादंबरीकडून हरलो असतो. चालून गेलं असतं.

चित्र म्हणजे पोरांचं, हे मराठी माणसाच्या डोक्यात कुणी घातलं कळत नाही. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथी करतात. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातलं आख्यान गात सांगायचं. ऐकायला रात्री देवळात मोठी माणसंच बसायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री जाहीर झाली, म्हणजे सरकारलाही कळतं. बरं, आपल्याला व्यंगचित्राचं वावडं आहे म्हणावं तर तेही नाही. शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांच्यावर आपण जीव टाकतो, व्यंगचित्रांशिवाय दिवाळी अंक आपल्याला अळणी लागतो. 'चिंटू' १९९१ साली पेपरात सुरू झाला तेव्हापासून मोठी माणसं सकाळी आधी तो वाचायची आणि मग अग्रलेख वाचल्याचं सांगायची. एक चित्र चालतं, तीन चालतात. सलग बत्तीस पानं आली की आपण ते घरातल्या लहान पोराकडे सरकवतो.

आणि गोष्टी आपल्याच, पण पुस्तकं निघतात इंग्रजीत. जोतीरावांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'वरून श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी चित्रपुस्तक केलं, ते २०११ साली 'नवयाना'नं काढलं, इंग्रजीत. अमृता पाटील यांची 'कारी' मुंबईत घडते, २००८ची, इंग्रजीत. अभिजीत किणी यांनी स्वतःच्या हिमतीवर 'अँग्री मावशी' काढली, नऊवारीतली मावशी गुंडांना आणि पुढाऱ्यांना बडवते, झकास आहे, पण पुस्तक इंग्रजीतच. मी त्यांना दोष देत नाही. इंग्रजीत निदान रकाना तरी आहे.

अमेरिकेत हार्वी पीकर नावाचा माणूस होता. क्लीव्हलंडमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात फायली लावायचं काम करायचा. चित्र काढता येत नव्हतं. काड्यांची माणसं काढून संवाद लिहायचा आणि ते रॉबर्ट क्रंबसारख्या चित्रकारांकडून काढून घ्यायचा. विषय काय, तर दवाखान्यातली बोलणी, किराणा दुकानातली रांग. १९७६पासून 'अमेरिकन स्प्लेंडर' त्यानं पदरचे पैसे घालून छापलं, नाव झालं तरी दवाखान्यातली नोकरी त्यानं निवृत्तीपर्यंत सोडली नाही, आणि पुढं त्यावर सिनेमाही निघाला. नाइट शिफ्टला मला या माणसाचा फार आधार वाटतो.

आमच्या कंपनीत जपानहून इंजिनिअर येतात. एकाला मी पुस्तक दिलं, तर त्यानं ते शेवटच्या पानावरून उघडलं. त्यांची पुस्तकं उजवीकडून सुरू होतात. मग हसला आणि उलटं करून, एक अक्षर न कळता, चवीनं बघत बसला. त्यानं सांगितलं, टोकियोत असल्या घरच्या घरी काढलेल्या चित्रपुस्तकांचा बाजार भरतो. मी नंतर शोधलं. १९७५च्या डिसेंबरात बत्तीस गटांनी मिळून सुरू केलेला तो 'कॉमिकेट', आता तिथं लाखांनी माणसं लोटतात. बत्तीस! एवढे गट तर आपल्या तालुक्याच्या साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीत असतात.

कुणाला असलं पुस्तक काढायचं असेल तर माझं ऐका. प्रकाशकाच्या दारात जाऊ नका, तो पानाला किती शब्द हेच विचारणार. पानं सोळाच्या पटीत ठेवा, कोरी पानं अंगावर पडत नाहीत. रंगाचा मोह धरू नका, काळा-पांढरा चांगला छापून येतो आणि परवडतो. अक्षर हातानं लिहा, नसेल जमत तर गावातला पेंटर गाठा, तो रिकामाच असतो आणि ते त्याच्यासाठीही बरं. प्रेसवाल्यापाशी बसून छापून घ्या. आणि खेडेगावात राहून कसलं पुस्तक काढायचं, असं कुणी म्हणालं तर त्याला आमच्याच जिल्ह्यातल्या मुकुंदराव पाटलांचं नाव सांगा. 'दीनमित्र' त्यांनी १९१० साली सुरू केलं आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून आयुष्यभर चालवलं. पुणे-मुंबईच्या रकान्यांत बसण्यासाठी ते थांबले नाहीत.

आता माझी अडचण सांगतो. हे पुस्तक मोठ्यांचं आहे असं मी गावभर सांगत फिरलो, आणि मोठ्यांनी ते चाळून परत दिलं. कँटीनमध्ये पोरं फक्त आपला सुपरवायझर कुठला ते शोधत बसली. आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल चांगले आहेत, ठेवून घेतलं, पण बालविभागात. खऱ्या वॉचमनमामांना दिलं तर त्यांनी वजनकाट्याचं पान बराच वेळ बघितलं, मग "विहीर अजून जरा रुंद होती" एवढंच बोलले आणि ड्युटीला गेले. ओळ न् ओळ कुणी वाचलं असेल तर आठवी-नववीच्या पोरांनी. एकानं मला रस्त्यात अडवून विचारलं की बाराव्या पानावर वॉचमनला गेट पास नाही, मग तो आत कसा गेला? मोठ्यांपैकी हे कुणालाच दिसलं नव्हतं.

आणि तरीही माझी भाची, सातवीतली, पुस्तक मागते तेव्हा मी देत नाही. एकोणिसावं पान आहे ना! बहिणीला म्हटलं, अजून वय नाही तिचं. बोलून गेल्यावर तोंड कडू झालं, पण पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं ते ठेवलंच. गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. भाचीनं स्टूल लावून ते केव्हाच काढलंय आणि शाळेत भाड्यानं लावलंय, एका दिवसाचे पाच रुपये. एकोणिसावं पान नुसतं बघायचे दोन. त्यातला माझा वाटा किती, ते मी विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.