कुणी न छेडलेला सूर

सर्वजया रडते, पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तला हा प्रसंग. हरिहर कित्येक महिन्यांनी गावी परततो आणि वादळानं पडझड झालेल्या घरासमोर, शहरातून आणलेल्या वस्तू बायकोला एकेक करून दाखवू लागतो. लेकीसाठी, दुर्गासाठी, साडी आणली आहे. दुर्गा गेल्याचं त्याला ठाऊक नाही. सर्वजया साडी हातात घेते, तोंडाशी दाबून धरते आणि कोसळते. तिचा चेहरा पिळवटलेला दिसतो आणि त्या चेहऱ्यावर आवाज येतो तो तार-शहनाईचा. इसराजासारखं गजानं वाजवायचं हे वाद्य, त्याला एक कर्णा जोडलेला असतो. वरच्या पट्टीत ते वाजू लागतं तेव्हा ते बाईच्या गळ्यातलंही वाटत नाही आणि वाद्यातलंही नाही.

कॉलेजात असताना पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. तेव्हा या जागेचं कौतुक वाटलं, ते दिग्दर्शकाच्या युक्तीचं. दुसऱ्यांदा पाहिला तो बऱ्याच वर्षांनी, घरी एकटी असताना. तोवर आजी जाऊनही काळ लोटला होता.

आजीची थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, ऐन तिशीत गेली. त्याबद्दल घरात बोलणं होत नसे. आजीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि घरातले सगळे तिला खंबीर म्हणत. वर्षातून एका दिवशी मात्र ती माळ्यावरची सगळी पितळी भांडी खाली काढायला लावायची. वापरात नसलेलीसुद्धा. हंडे, परात, कुणाच्या तरी लग्नातल्या वाट्या. मागच्या पडवीत बसून ती चिंच आणि काथ्या घेऊन दुपार टळेपर्यंत घासत राहायची. पितळेवर काथ्याचा आवाज मोठा तीक्ष्ण असतो, दात शिवशिवतात. आम्ही मुलं कानांवर हात ठेवून पळायचो. त्या दिवशी तिला जेवायला हाक मारायची नाही, हे आई आम्हाला डोळ्यांनीच सांगायची.

पडद्यावर तार-शहनाई सुरू झाली आणि मला त्या काथ्याचा आवाज ऐकू आला. तो दिवस कोणता होता, ते मला तोवर माहीत नव्हतं. त्या क्षणी माहीत झालं. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून तिथी विचारली, ती निव्वळ खात्री म्हणून.

अशा क्षणांना आपण वीज चमकल्यासारखं म्हणतो. वीज म्हटलं की ती आकाशातून येते आणि आपण केवळ खाली उभे असतो. मला ते पटत नाही. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा हंबरडा जर ऐकू आला असता, तर मला सर्वजयेची दया आली असती, डोळे पाणावले असते आणि चित्रपट पुढे सरकला असता. रायनी तो आवाज राखून ठेवला. एक जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत आजी येऊन बसली. राय आजीला ओळखत नव्हते. पण अशी कुणीतरी येईल, एवढा विश्वास त्यांनी माझ्यासारख्या अनोळखी माणसावर टाकला होता. कलावंताकडून मिळणारा याहून मोठा मान मला माहीत नाही.

या चित्रपटाला किती थांबावं लागलं, तेही त्यात मुरलेलं आहे असं मला वाटतं. १९५२च्या ऑक्टोबरात अपू-दुर्गा आगगाडी पाहायला जातात त्या काशफुलांच्या रानात चित्रण सुरू झालं. पुढच्या खेपेला मंडळी परत आली तर गुरांनी ती सगळी फुलं खाऊन टाकलेली. उरलेल्या प्रसंगासाठी पुढच्या शरद ऋतूची वाट पाहावी लागली. पैसे संपत, काम बंद पडे. कलकत्त्यात चित्रपट लागला तो १९५५च्या ऑगस्टमध्ये, आणि इंदिर ठाकरूण झालेल्या वृद्ध चुनीबाला देवी तोवर हयात नव्हत्या.

अशीच एक मोकळी जागा मला गाण्यात भेटली, ती गायक कुमार गंधर्वांच्या. त्यांच्यापाशी मी पोचले ती उशिराच. त्यांच्याविषयी ऐकलेलं इतकं असतं की गाणं ऐकण्याआधी आपण गोष्टच ऐकत बसतो. १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीला जन्म, लहानपणीच गाजलेला गळा, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, आणि मग ऐन उमेदीत क्षय. हवापालटासाठी देवासला जाणं, डॉक्टरांनी गायला केलेली मनाई, अंथरुणावर काढलेली वर्षं. स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं आणि ते वाचले, पण एक फुप्फुस निकामी झालं ते झालंच. म्हणून त्यांचं गाणं तुटक, छोट्या छोट्या तुकड्यांचं झालं, असं सर्रास सांगितलं जातं. हे स्पष्टीकरण मला फार तोकडं वाटतं. श्वास कमी पडला म्हणून माणूस थांबतो हे खरं, पण नेमकं कुठे थांबायचं हे फुप्फुस सांगत नाही. गाता येत नव्हतं त्या वर्षांत ते माळव्यातल्या बायांची गाणी ऐकत होते. चार-पाच सुरांत अख्खं गाणं कसं उभं राहतं, ते पाहत होते. राग हे लोकधुनांतून उगवतात हे त्यांनी तिथे पारखलं आणि पुढे लगनगंधार, मालवती यांसारखे राग बांधले. त्यांना ते ‘धुनउगम’ राग म्हणत. गळा बंद असताना कान उघडा होता.

त्यांची निर्गुणी भजनं मी रेकॉर्डवर पुष्कळदा ऐकली होती. आवडत होती, एवढंच. मग एका रात्री ऐकत असताना ते षड्जावर आले आणि थांबले. पुढची ओळ येईना. मी वाट पाहू लागले. आणि त्या वाट पाहण्यात माझ्या लक्षात आलं की मागे तंबोरे वाजताहेत. ते आधीही वाजत होते, अर्थातच. पण गाणाऱ्यानं सूर सोडला तरी सूर तसाच होता, जराही कमी झाला नव्हता. तोवर मी समजत होते की गवई सूर लावतो. सूर आधीपासून असतो, गवई त्यात शिरतो आणि बाहेर येतो, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणजे अंगावर आलं. मी उठून उभी राहिले होते, हे नंतर ध्यानात आलं.

आमच्याकडे गाणं शिकवायला येणाऱ्या बाई तंबोरा लावताना एक गोष्ट करत. घोडीवर तारेखाली सुताचा धागा हळूहळू सरकवत जवारी साधली, की त्या डोळे मिटून विचारत, “गांधार येतोय का गं?” तंबोऱ्याला गांधाराची तार नसते. सहसा पंचम आणि षड्ज, एवढ्याच तारा. पण खर्जाची तार नीट लागली, की तिच्या नादातून गांधार आपोआप उमटतो. स्वयंभू गांधार म्हणतात त्याला. कुणीही न छेडलेला. लहानपणी मी “हो” म्हणायचे, कारण बाईंना ते ऐकायचं असे. त्या रात्री तो मला खरोखर ऐकू आला. तंबोरे जुळवण्याविषयी कुमारजी इतके काटेकोर का होते, हेही तेव्हाच उमगलं. ते थांबणार होते. थांबल्यावर जे उरणार, ते त्यांना आधी तयार करून ठेवायचं होतं.

राखून ठेवण्याचा हा विचार मनात पक्का होत असताना कारवीनं तो हलवला.

२०१६ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या आसपासच्या उतारांवर कारवी फुलली. सात वर्षं खरखरीत पानांचं ते झुडूप पावसात हिरवं होतं, उन्हाळ्यात काड्या होतं. आठव्या वर्षी सगळी एकदम फुलतात आणि मरून जातात. दुसऱ्या डोंगरावरच्या कारवीचं वर्ष वेगळं असू शकतं, पण एका उतारावरची सगळी एकत्र. त्या जांभळ्या-निळ्या उतारावर मधमाश्यांचा जो घोष होता तो छातीत जाणवत होता. मी तिथेही तेच शोधू पाहत होते, की हे सात वर्षं राखून ठेवलेलं आहे. पण कुणी? कारवीनं माझ्यासाठी काही मागे ठेवलं नव्हतं. इतकं बी एकाच वेळी पडतं, की खाणाऱ्यांनी खाऊनही पुष्कळ उरतं, असं अभ्यासक सांगतात. पाड्यांवर याच कारवीच्या काड्यांचे कुड उभारून शेणामातीनं लिंपतात. ज्याच्या घराची भिंत कारवीची आहे, त्याला ती बिगरफुलांच्या सात वर्षांतही दिसते. मला आठव्या वर्षीच दिसली. तिथे मला भरून आलं ते वेगळ्या कारणानं. राय आणि कुमारजी यांच्या मोकळ्या जागांत माझं माणूस, माझा कान येऊन बसला होता. इथे माझ्यासाठी जागाच नव्हती. मी नसते तरी तो उतार तितकाच फुलला असता, आणि हे जाणवून मला कमालीचं मोकळं वाटलं. माझ्या अर्थाची गरज नसलेलं इतकं सौंदर्य जगात आहे, याचा आनंद मला आजही होतो, आणि तो कलेतून मिळालेल्या आनंदापेक्षा काकणभर जास्तच आहे.

२०२४ मध्ये कारवी पुन्हा फुलली तेव्हा भाचीला घेऊन गेले. आठ वर्षांची होती ती, म्हणजे एका कारवीच्या वयाची. हे सगळं तिला सांगायचं फार मनात होतं. ओठांवर आलेलं मी आवरलं. तिनं फुलं पाहिली, थोडा वेळ माश्यांना घाबरली आणि मग विचारलं, “मावशी, ही मेल्यावर इथे काय?” मी म्हटलं, बोंडं वाळतील, आणि पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला की ती तडकतील, आवाज होतो त्यांचा.

“केवढा?”

ते मला सांगता येईना. पुढच्या जूनमध्ये ढग भरून आले तेव्हा फोन तिचाच आला, की आपण कधी निघायचं.