मिरजेला गाडी बदलावी लागे

पुण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मिरज जंक्शनचे एके काळी काय माहात्म्य होते, याची कल्पना आज रात्री डब्यात झोपी जाऊन थेट बेळगावला जागा होणाऱ्या प्रवाशाला यायची नाही. पाच फूट सहा इंच रुंदीचा ब्रॉडगेज मार्ग पुण्याकडून येऊन कोल्हापूरकडे वळे, एक मीटर रुंदीचा मीटरगेज मार्ग तेथून बेळगाव, लोंढा, हुबळी करीत बंगळूरच्या दिशेने जाई, आणि अडीच फुटांची बारकी गाडी पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूरकडे निघे. तीन निरनिराळ्या मापांचे रूळ असे एकाच आवारात नांदत असल्यामुळे बेळगावच्या माणसाला आणि मालाला मिरजेस उतरल्यावाचून गत्यंतर नसे. मालधक्क्यावर हमाल मोठ्या वाघिणीतली पोती पाठीवर घेऊन लहान वाघिणीत रचीत, आणि आम्ही उतारू वळकट्या, ट्रंका व पेंगुळलेली मुले सांभाळीत एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जात असू.

१९७६ च्या जून महिन्याच्या अखेरीस अशाच एका पहाटे मी मिरजेला उतरलो, तेव्हा माझ्या पिशवीत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका होती आणि तीत वास्तव विश्लेषण या विषयात मी अनुत्तीर्ण झाल्याची नोंद होती. सुट्टी संपून गेलेली असल्याने विद्यार्थी सवलतीचा अर्ज मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मेसच्या खर्चातून राखून ठेवलेल्या पैशांतून मी पूर्ण भाड्याचे तिकीट काढले होते आणि रात्रभर संडासाच्या दाराशेजारी ट्रंकेवर बसून आलो होतो. पुण्यास परत जायचे नाही, असे मनाशी जवळजवळ ठरलेले होते. निपाणीला माझे थोरले मामा एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते आणि त्यांनी मे महिन्यातच माझ्यासाठी तेथे हिशेबनिसाच्या जागेची तजवीज करून ठेवली होती.

माझे घर बेळगावच्या शहापूर पेठेत. वडिलांची उभी हयात मामलेदार कचेरीत कारकुनी करण्यात गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर काही वर्षांनी दप्तराची भाषा बदलली, आणि ज्या माणसाने तोवर सारे टिपण, सारा पत्रव्यवहार मराठीत केला होता, तो चाळिशी उलटल्यावर रोज रात्री कंदिलापुढे बसून कन्नड अक्षरे गिरवू लागला. त्यांनी ती खात्याची परीक्षा दिली, बढतीची आशा न धरता नोकरी केली, आणि सीमाप्रश्नावर घरात तावातावाने बोलणाऱ्या पाहुण्यांना शांतपणे चहा दिला. मोठा मुलगा गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे, ही गोष्ट ते कुणाला आपण होऊन सांगत नसत. परंतु कुणी विचारले तर उत्तर देताना त्यांची पाठ ताठ होत असे, हे मी पाहिलेले होते. त्या पहाटे मला सर्वांत भारी वाटत होती ती ट्रंक नव्हे, ती पाठ.

गणितात मी कच्चा नव्हतो. हे मी अभिमानाने लिहीत नाही, पुढचे कळावे म्हणून लिहितो. मराठी शाळेत पावकी, निमकी, दिडकीपासून औटकीपर्यंत सारे पाढे मला मुखोद्गत होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची बी.एस्सी.ची पदवी मी वरच्या वर्गात घेतली होती. आणि शांतिनारायण यांच्या कलनशास्त्राच्या पुस्तकांतली उदाहरणे सोडवून मी वह्यांमागून वह्या भरल्या होत्या. दिलेल्या फलाचे अवकलन करा, अमुक संकलनाची किंमत काढा, असे म्हटले की माझा हात आपोआप चाले. पुण्यास गेल्यावर मात्र कुणी किंमत काढा असे म्हणेना. सिद्ध करा, असे म्हणू लागले. रूडिनच्या विश्लेषणावरील पाठ्यपुस्तकाचे पान उघडले की त्यावर आकडा जवळजवळ नसेच; वाक्ये असत, इंग्रजी वाक्ये, आणि प्रत्येक वाक्यात प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की, अशा धर्तीची बांधणी असे. मी ती वाक्ये पाठ केली. परीक्षेत लिहिलीसुद्धा. पण एखाद्या वाक्यातील दोन पदांची जागा बदलली, तर सारा अर्थ कसा पालटतो, हे मला आतून दिसत नव्हते. त्यामुळे प्रश्न थोडा निराळ्या शब्दांत आला की मी पाठ केलेले वाक्य नेमक्या चुकीच्या क्रमाने लिहून येई. शिकवणारे विद्वान होते आणि मनापासून शिकवीत. परंतु वर्गात शंका विचारायची ती इंग्रजीत, आणि जी शंका मला मराठीतही मांडता येत नव्हती, ती इंग्रजीत विचारणार कशी?

मीटरगेजची पॅसेंजर उजाडता उजाडता सुटली. वाफेच्या इंजिनाचा कोळशाचा धूर, भिजलेल्या घोंगड्यांचा वास आणि मराठी-कानडीची सरमिसळ यांनी डबा गच्च भरलेला होता. समोरच्या बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते, त्यांनी "एल्लिग होंटीरी?" म्हणून मला विचारले, मी "बेळगावला" म्हणालो, आणि मग ते तोडक्या मराठीत व मी तोडक्या कानडीत असे आमचे पावसापाण्याचे बोलणे झाले. शेडबाळ मागे पडले. उगारला साखर कारखान्यातली दोन माणसे उतरली. त्यानंतर कृष्णेचा पूल आला. नदी तांबड्या पाण्याने दुथडी भरून चालली होती आणि पुलावर गाडी मंदावताच डब्यातल्या बायकांनी खिडकीतून नाणी टाकून हात जोडले. कुडचीला ते वृद्ध शेतकरी उतरले. रायबागला एक नवे जोडपे उतरले. घटप्रभेला, गोकाक रोडला, प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी गाठोडे उचलून उतरत होते.

वेळ जाईना म्हणून मी लॉगॅरिदमचे कोष्टक आणि एक कोरा कागद काढला. ज्या प्रश्नावर मी नापास झालो, तो मला तोंडपाठ होता. शून्य आणि एक यांच्या दरम्यानची कोणतीही संख्या घ्यावी आणि तिला तिनेच पुन्हा पुन्हा गुणीत जावे, म्हणजे गुणाकार लहान लहान होत शून्याकडे जातो; मग हे अभिसरण एकसमान आहे किंवा नाही? एकसमान नाही, हे उत्तर मला ठाऊक होते, आणि का नाही ते ठाऊक नव्हते. पुस्तकातली सिद्धता बाजूला ठेवून मी शाळकरी मुलाप्रमाणे आकडे मांडू लागलो. ०.९ ही संख्या घेतली, तर तिचा घात एक शतांशाच्या खाली केव्हा जातो? कोष्टकावरून उत्तर आले, ४४ व्या घाताला. ०.९९ घेतली, तर ४५९ व्या. ०.९९९ घेतली, तर ४६०३ व्या. कागदावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहून मी पाहत राहिलो, तोच गाडी पुन्हा कुठल्याशा लहान स्थानकावर थांबली, एक बाई कडेवरच्या मुलासह उतरली, आणि एकाएकी ती सारी गोष्ट माझ्यापुढे मराठीत उभी राहिली. डब्यातल्या प्रत्येक उतारूसाठी एक स्टेशन आहे, जेथे तो उतरतो. ही गोष्ट निराळी. एक असे स्टेशन आहे, की जेथे येईतो डब्यातले सगळे उतारू उतरलेले असतात, ही गोष्ट अगदी निराळी. ०.९ चे स्टेशन ४४, ०.९९ चे ४५९. प्रत्येक संख्येचे स्टेशन ठरलेले आहे, परंतु एकाच्या जवळ जावे तसतसे ते दूर दूर जाते, आणि सर्व संख्या जेथे उतरून गेल्या असे एकही स्टेशन त्या मार्गावर नाही. एकसमान अभिसरण नाही, याचा अर्थ एवढाच होता. ज्या दोन वाक्यांच्या क्रमात मी वर्षभर ठेचकाळत होतो, त्यांतला भेद शहापूरच्या कोणत्याही बाईला भाजीबाजारात समजला असता.

पुढे इतिहास वाचताना मला कळले, की याच जागी माझ्याहून फार मोठी माणसे अडखळली होती. ओगुस्तँ-लुई कोशी या श्रेष्ठ फ्रेंच गणितज्ञाने १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात, सतत फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज नेहमी सततच असते, असे विधान केले होते. १८२६ साली नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेच्या तरुणाने त्याला अपवाद आहेत असे दाखवले. आणि नेमके कुठे बिनसते याचा उलगडा स्टोक्स व झायडेल यांच्या लेखनातून व्हायला १८४७-४८ उजाडले. पाव शतक युरोपच्या विद्वानांना ज्याने चकवले, ते विद्यार्थ्याच्या गळी एका तासात उतरावे अशी अपेक्षा आपण करतो, आणि ते उतरले नाही की त्याच्या बुद्धीविषयी निकाल देऊन मोकळे होतो. हा अन्याय आहे, असे मला तेव्हाही वाटले असते. पण ते कुणी मला सांगितलेले नव्हते.

बेळगावला उतरलो तेव्हा मुसळधार पाऊस कोसळत होता. घरी पोहोचल्यावर वडिलांनी गुणपत्रिका हातात घेतली, चष्मा लावून सर्व रकाने एकदा वरून खाली व एकदा खालून वर वाचले, घडी घालून ती परत दिली आणि विचारले, "ऑक्टोबरचा अर्ज भरायची मुदत कधी आहे?" त्या विषयावर ते यापलीकडे काही बोलले नाहीत. आईने गरम भात वाढला.

दोन दिवसांनी मी निपाणीला गेलो, कारण मामांना तोंडी नकार देणे भाग होते. निपाणीची ती वखार मी लहानपणापासून पाहत आलो होतो: शिंकांनी नाक फाटावे असा उग्र दर्प, तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बायका, आणि गादीवर मांडी घालून एक्साइजच्या नोंदवह्या, शेतकऱ्यांची उचल, वजनातली तूट यांचा मेळ घालणारे मामा. मी नोकरी करणार नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटले. तरी त्यांनी माझे सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा एक आकडा वर्तमानपत्रात आला होता, तो खरा का? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी १९४९ साली मांडलेली ६१७४ ही ती संख्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिल्यानंतर तिचा बोलबाला झाला होता. मामांनी पट्टीच्या कागदामागे ३५२४ लिहिले. अंक उतरत्या क्रमाने मांडले ते ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि तेथून पुढे काही केले तरी ६१७४ च. "चारी अंक सारखे नसले म्हणजे झाले, हे सगळ्यांना लागू पडते म्हणतात," मी म्हणालो. मामांनी क्षणभर विचार केला. "दहा हजारांच्या आतलेच आकडे ना? मग वखारीतली चार पोरं बसवली, तर तपासून होईल. पण तुझ्या त्या शून्याकडे जाणाऱ्या आकड्यांना अंत नाही. ते तपासून कसे संपायचे?" सिद्धता कशासाठी लागते, हे इतक्या थोड्या शब्दांत मी त्यापूर्वी ऐकले नव्हते, आणि सांगणारा माणूस मॅट्रिकसुद्धा नव्हता.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी तो विषय सोडवला आणि पुढे रीतसर पदवी घेतली. त्यानंतरचे माझे आयुष्य बेळगाव परिसरात गणित शिकवण्यात गेले. मराठी शाळांतून आलेली मुले आणि कन्नड शाळांतून आलेली मुले माझ्यासमोर एकाच बाकावर बसत, आणि प्रत्येक वर्षी त्याच जागी, त्याच दोन वाक्यांपाशी, दोन्हीकडची हुशार मुले सारखीच खचताना मी पाहिली. त्यांच्यात बुद्धीची वाण नव्हती. सिद्धतेचा तर्क त्यांच्या घरच्या बोलण्यात रोज वावरत होता. तो तेथून उचलून पुस्तकातल्या इंग्रजीपर्यंत नेऊन पोहोचवणारा माणूस मात्र त्यांना भेटलेला नव्हता.

आता मिरजेला गाडी बदलावी लागत नाही. १९९० नंतरच्या दशकात बेळगावचा मार्ग रुंद झाला आणि पुण्याहून बसलेला मुलगा त्याच बाकावरून घरी पोहोचतो. वर्गात अशी सोय अजून झालेली नाही. म्हणून निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथे गणित शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती करतो, की सत्राच्या आरंभी किमान काही तास पुस्तक मिटून ठेवावे, प्रत्येकासाठी एक आणि सर्वांसाठी एकच यांतला फरक मुलांच्या भाषेत, मराठीत आणि कन्नडमध्ये, त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा, आणि मगच रूडिन उघडावा. आणि पालकांना सांगणे असे, की नापास मुलाला वखारीत किंवा दुकानात बसवण्याची तजवीज करण्याआधी पुढच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत विचारा.