सहा महिन्यांच्या स्लिपा

पुतण्या पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला स्थायिक, सून इथं पेडण्यात. ओळख, लग्न दोन्ही 2020 नंतरचं, म्हणजे ब्रेक्झिटनंतरचं. तिला नेताना उत्पन्नाची अट आलीच. आधी वर्षाला 18,600 पौंड होती, 11 एप्रिल 2024पासून 29,000.

"काका, कागद बघा मरे."

पगाराच्या स्लिपा बँक स्टेटमेंटशी ताडल्या. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम रोखीत घेतलेला! खात्यात भरलाच नाही, मग हिशेबात कसा धरणार? डिचोलीच्या शाखेत असताना याच कारणावरून खाणीवरच्या कितीतरी ट्रकवाल्यांचे कर्जाचे अर्ज मी परत केले होते. बिनदिक्कत.

सुनेला सांगताना मात्र जीभ अडखळली.

"म्हणजे आणखी सहा महिने?"

मी मान हलवली.

यंदाही चवथीची माटोळी तिच्या दिरानंच बांधली.